यशोदामावशीची साक्ष

यशोदामावशीला कुणी काही विचारत नसे. तिच्याशी बोलत असत, तिच्याकडून भाजी घेत असत, लग्नाकार्याला बोलावतही असत. पण विचारत नसत. विचारलं की ती सांगायची, आणि तिनं सांगितलेलं ऐकून घ्यायची तयारी फार थोड्यांची असायची.

तिची वाडी पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला. भादव्यात ती काकड्यांची पाटी घेऊन महाडच्या बाजारात बसायची. माझी आई तिच्याकडची जुनी गिऱ्हाईक. आई काकडी उचलून विचारायची, "ही कशी आहे गं?"

"नको गो भाभी, ती कडू निघंल."

"मग ही?"

"ही बरी हाय. पन कालची."

शेजारच्या बायका ओरडून माल खपवत असताना ही आपल्याच पाटीतला निम्मा माल बाजूला काढायची. एका ईदेला आईनं तिला घरी बोलावून शीरखुर्मा दिला. कसा झालाय विचारलं, तर म्हणाली, "साखर जास्त पडली, पन शेवया चांगल्या हायत." आई दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडूनच काकड्या घेऊन आली.

तिच्या वाडीत एक किस्सा सगळ्यांना माहीत होता. शेजारच्या मुलाला मुंबईची सोयरीक आली होती. पाहुण्यांनी जाता जाता हिला विचारलं, मुलगा कसा आहे? "पोर गुनी हाय," ही म्हणाली, "दारू पितो." लग्न मोडलं. मुलाची आई अंगणात येऊन भांडली, तुला गप्प बसता येत नव्हतं काय? यशोदामावशी शांतपणे म्हणाली, "येत व्हतं. त्यांनी इचारलं."

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण तिची माझी ओळख अशा हसण्यातूनच झाली. नंतर जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मी तेव्हा नुकतीच वकिलीला लागले होते. महाडच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकत होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. एके दिवशी सरांच्या ऑफिसच्या पायरीवर यशोदामावशी बसलेली दिसली. पुढ्यात पाटी नव्हती. मला बघून म्हणाली, "वकीलबाय, माज्या संतोषला धरलाय."

संतोष तिचा एकुलता एक मुलगा. नवरा कधीच वारला होता. संतोष पोलादपूरला एका गॅरेजात काम करायचा आणि पावसाळ्यात घरची भातशेती बघायचा. त्यांच्या भावकीतला शिवराम, नात्यानं मावशीचा चुलत दीर, त्याच्याशी शेताच्या बांधावरून जुनं भांडण होतं. श्रावणात एका दुपारी ते पुन्हा पेटलं. संतोष चार माणसांदेखत म्हणाला, "तुला सोडनार नाय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवराम शेतावर गेला तो परत आला नाही. सकाळी ओढ्याच्या कडेला त्याचं प्रेत सापडलं. मानेवर कोयत्यासारख्या हत्याराचा घाव होता.

संतोष त्या संध्याकाळी घरी नव्हता. कुठे होता ते तो सांगत नव्हता. पोलिसांना नाही, त्याची केस घेतलेल्या सरांना नाही, कुणालाच नाही. "मी शिवरामकाकाला हात लावला नाय," एवढंच म्हणायचा आणि खाली बघायचा.

पोलिसांनी आईचा जबाब घेतला. तिनं दिला. मुलगा दिवस मावळायच्या आधी बाहेर पडला, अंधार झाल्यावर परत आला, चिंब भिजला होता, आणि सदऱ्याच्या उजव्या बाहीला रक्त होतं.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी पक्षानं आईलाच साक्षीदार केलं. सर हादरले. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. पोलिसांसमोरचा जबाब कोर्टात बदलता येतो, पुष्कळ साक्षीदार बदलतात, आईनं बदलला तर कुणाला नवल वाटणार नाही. घरीच होता म्हणा. रक्ताचं आठवत नाही म्हणा.

ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. खुर्चीवर ती कधी बसली नाही. सरांचं संपल्यावर म्हणाली, "पन घरी नव्हता तो."

"बाई, जन्मठेप होईल त्याला. कदाचित फाशी."

"मंग मला बोलवू नका."

"मी नाही बोलावत. सरकार बोलावतंय."

"मंग काय करायचा?" ती म्हणाली. हा प्रश्न सरांना नव्हता. नंतर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

साक्षीच्या दिवशी मी सरांच्या मागे बसले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात संतोष. सरकारी वकिलांनाही वाटत होतं, बाई फिरणार. त्यांनी सावधपणे विचारलं, मुलगा त्या संध्याकाळी कुठे होता?

"ठाऊक नाय. घरी नव्हता."

"परत आला तेव्हा त्याच्या अंगावर काय दिसलं?"

तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं. संतोषनं मान वर केली होती. मला आजही वाटतं, त्या क्षणी तो डोळ्यांनी तिला थांब म्हणत होता. ती म्हणाली, "बाहीला रगत व्हतं."

मग सर उठले. उलटतपासात त्यांच्या हाती एकच गोष्ट होती, आणि तीही तिनंच दिलेली. पोलिसांनी घराच्या माळ्यावरून कोयता जप्त केला होता. संतोषनं स्वतः तो काढून दिला, असं पंचनाम्यात होतं. सरांनी कोयत्याबद्दल विचारलं.

"तो कोयता सांजच्याला माज्याच हातात व्हता. मी गोठ्यात वैरन तोडीत व्हते. तो गेला तवा रिकाम्या हातानं गेला. कोयता माळ्यावर मीच ठेवला."

"घरात दुसरा कोयता?"

"नाय."

शिक्षा जन्मठेपेची झाली. निकालात लिहिलं होतं की आईनं मुलाविरुद्ध सांगितलेला भाग विश्वासार्ह आहे. कोयत्याचा भाग मात्र मातृप्रेमापोटी रचलेला दिसतो.

मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी अर्धी खरी आणि अर्धी खोटी?"

"तसंच म्हटलंय."

"अर्धा मानूस कसा खोटा बोलंल?"

वाडीत तिच्याशी बायका बोलेनाशा झाल्या. मुलगा खुनी ठरला म्हणून नव्हे, आई असून साक्ष दिली म्हणून. शिवरामची विधवा भागीरथी शेजारच्याच घरात राहायची. एकदा विहिरीवर तिनंच हिला गाठलं आणि म्हणाली, "तू खोटं बोलली असतीस तर मला राग नसता आला गो. आई हायेस." यशोदामावशीनं हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "जिचा घरधनी गेला ती असा म्हनते. मंग मीच चुकले काय, वकीलबाय?"

हायकोर्टात अपील करायचं होतं. सरांनी काम थांबवलं होतं, प्रकृतीमुळे. मी स्वतंत्र बसू लागले होते. तिनं हे काम माझ्याकडे आणलं. मोफत कायदेशीर मदतीतून हायकोर्टात वकील मिळतो, त्यासाठी तुरुंगातून कैद्याची सही लागते, हे मी तिला समजावलं. सही मिळणं हीच मोठी अडचण होती. संतोष तिला भेटतच नव्हता.

तुरुंग घाटावर, लांब. ती एसटीनं जायची, फाटकावर नाव द्यायची, बाकावर बसायची. आतून निरोप यायचा, कैदी भेटायला तयार नाही. तिथला शिपाई एकदा कळवळून म्हणाला, आजी, कशाला एवढ्या लांब येता? हिनं विचारलं, "जिता हाय ना?" तो हो म्हणाला. "जेवतो?" जेवतो. "मंग झालं." उठून परत एसटी पकडायची. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

साक्ष दिली म्हणून तो रागावलाय, असं तिला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. अपीलाच्या कागदावर तो सही करत नाही, म्हणतो मला अपील नको, असा निरोप आला तेव्हा मी खचले. मुदत निघून चालली होती. ती खचली नाही. म्हणाली, "त्याला कळव. तोंड दाखवू नको, बोलू नको. सही तेवढी कर. आई परत काय मागनार नाय."

बरेच दिवस काही उत्तर नाही. ती रोज वाडीतून फोन लावून घ्यायची आणि विचारायची, "आली?" मी नाही म्हणायचे. फोन ठेवायची. मग एक दिवस सही आली.

अपील दाखल झालं आणि वर्षं सरू लागली. महामार्गाचं काम चालू होतं, कशेडीला डोंगर फोडून बोगदा होत होता. मावशी बाजाराला येताना त्या धुळीतून यायची. पाटी डोक्यावरून उतरवली की आधी माझ्याकडे. "नंबर लागला?" नाही मावशी. मग काकडी ठेवून जायची, तिच्या मते चांगली असलेलीच.

याच काळात मी एकदा तिला तो प्रश्न विचारला. तिच्याशी बोलताना विचारण्यापूर्वी विचार करावा लागतो हे माहीत असूनही विचारलं. "मावशी, तुम्हाला काय वाटतं? त्यानं केलं असेल?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला ठाऊक नाय."

"पण आईचं मन काय सांगतं?"

"मन रोज येगळं सांगतं गो. सकाळी सांगतं नाय केलं. सांजच्याला दिवा लावते तवा त्याची बाही दिसते." पुढे म्हणाली, "केला असला तरी माजाच हाय. पन कोयता माज्या हातात व्हता. ते जज्जानं ऐकाया पायजे."

एवढी वर्षं ही बाई ज्याच्यासाठी धावत होती, त्याच्या निर्दोषपणाची तिला खात्री नव्हती. तिनं पाटी उचलली आणि गेली.

सुनावणी लागली तेव्हा तिनं मुंबईला यायचा हट्ट धरला. वकील बोलतील, तुमचं काम नाही, सांगून पाहिलं. आली. हायकोर्टाच्या उंच छताखाली शेवटच्या बाकाच्या टोकाला ती बसली. कोर्टात उंबरा नव्हता, नाहीतर तिथेच बसली असती. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी तिच्या कानात सांगत होते.

दोन न्यायमूर्ती होते. आमच्या बाजूनं नेमलेला वकील तरुण, पण तयारीचा. त्यानं मुद्दे मांडले. मयताबरोबर संतोषला कुणी पाहिलेलं नाही. बाहीवरच्या रक्ताचा गट ठरलेला नाही. संतोषच्या तळहातावर जखम होती, ते रक्त त्याचं स्वतःचंही असू शकतं. उरतो कोयता.

सरकारी वकील उठले. आई मुलाला वाचवण्यासाठी सांगणारच, म्हणाले.

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी कागदातून मान वर केली. "वाचवण्यासाठी? बाहीवरचं रक्त कोर्टाला कुणी सांगितलं?"

सरकारी वकिलांनी पानं उलटली. "आईनं."

"वाचवायचं असतं तर तिनं ते सांगितलं असतं?"

त्यांनी तिची साक्ष मोठ्यानं वाचायला घेतली. त्यात यशोदा हे नाव आलं, आणि नाव ऐकून मावशी उठून उभी राहिली. तिला वाटलं, पुकारा झाला. मी पदर ओढला, ती बसेना. सगळ्या माना मागे वळल्या. आमचा वकील गडबडला, म्हणाला, या त्याच साक्षीदार आहेत, आरोपीच्या आई.

न्यायमूर्ती तिच्याकडे पाहत राहिले. ती त्यांच्याकडे. हात जोडले नाहीत, रडली नाही, साक्षीला उभं राहावं तशी ताठ उभी. आता ही काही बोलली तर काय होईल, या भीतीनं मी पुन्हा पदर ओढला. मग ते मराठीत म्हणाले, "बसा बाई. तुमचं सगळं वाचलंय आम्ही."

ती बसली. माझा हात तिनं असा घट्ट धरला की बोटं बधिर झाली.

निकाल राखून ठेवला गेला. ते दिवस मला सगळ्यांत जड गेले. ती फोनवर निकालाचं काही विचारत नव्हती, नुसती विचारायची, "जेवलीस काय?" आणि ठेवून द्यायची.

निकाल लागला. एकाच साक्षीदाराचं मुलाविरुद्धचं तेवढं खरं आणि बाजूचं तेवढं खोटं मानायला काही आधार नाही, असं हायकोर्टानं म्हटलं. संशयाचा फायदा देऊन संतोषला सोडलं. शिवरामला कुणी मारलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. भागीरथी अजून त्या घरात आहे, आणि तिला उत्तर मिळालेलं नाही, हे इथे सांगायलाच हवं.

मी मावशीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी मी पुरी खरी?"

"पुरी."

"बरं," ती म्हणाली. फोन तसाच चालू राहिला आणि मला तिचं रडणं ऐकू आलं.

तिनं संतोषला तुरुंगाच्या फाटकावरून घरी आणलं. वाटेत तो बोलला नाही, हिनं त्याला बोलतं केलं नाही. त्या संध्याकाळी कुठे होतास, हे तिनं त्याला विचारलं नाही. परत काय मागनार नाय, असा शब्द दिला होता तिनं.

पुढच्या भातलावणीच्या वेळेस, बाजाराचा दिवस नसताना, दोघं माझ्या ऑफिसात आली. मावशी उंबऱ्यावर बसली. संतोष केस पांढरे झालेला, माझ्याच वयाचा माणूस, भिंतीला टेकून उभा राहिला. "काल चिखलात आपनहून सांगितलान मला," ती म्हणाली. "आता तुला सांगंल."

संतोषनं सांगितलं. त्या संध्याकाळी कशेडी घाटात तेलाच्या डब्यांनी भरलेला ट्रक दरीच्या बाजूला कलंडला होता. पलीकडच्या वाडीतली काही माणसं आणि हा, डबे उचलायला धावले होते. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता.

"त्यानं माझी बाही धरली. काढ भावा, म्हनाला. काचेनं हात कापला माझा. मी सोडवून घेतली. म्हटलं, डबे झाडीत ठेवतो आनि येतो. आलो परत. खरंच आलो. तवा तो बोलत नव्हता."

मी म्हणाले, "अरे, हे सांगितलं असतंस तर खुनाच्या आरोपातून सुटला असतास. ती माणसं साक्षीला आणता आली असती."

"ती आली नसती. आनि आईला काय तोंड दाखवलं असतं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "भेटायला यायची. मी आत भिंतीला लागून बसायचो. समोर गेलो असतो तर तिनं इचारलं असतं. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाय."

इतकी वर्षं त्याच्या न भेटण्याला आम्ही राग समजत होतो.

मी वकिलासारखं बोलू लागले. एवढ्या वर्षांनी आता कुणी केस करणार नाही, पुरावा नाही, तुम्ही कुठे जाऊन सांगायची गरज नाही. मावशीनं मला मध्येच तोडलं. "केसचं नाय इचारलं गो. त्या मानसाचं घर कुठं?"

माझ्या वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. त्यांच्या ओळखीतून जुन्या अपघाताचा माग निघाला. ड्रायव्हर मिरजेकडचा. बायको आहे, मुली लग्न होऊन गेल्या. मी पत्ता दिला आणि शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, "मावशी, त्या बाईच्या जखमेवरची खपली काढून काय मिळणार?"

ती विचारात पडली. माझा प्रश्न तिनं झटकला नाही. "ते बी खरं हाय," ती म्हणाली. "पन तिला वाटत असंल, मानूस एकटाच व्हता. जवळ कोन नव्हतं. हा जवळ व्हता. शेवटचं काय बोलला ते ह्यालाच ठाऊक."

तिथे काय झालं ते तिनं मला नंतर फोनवर सांगितलं. "बाईनं पानी दिलान. सगळं ऐकून घेतलान. मंग म्हनाली, आता जा." एवढंच. त्यानंतर तिची माझी भेट झाली नाही. त्याच वर्षी थंडीत ती तापानं गेली. संतोष गॅरेजात आहे. भेटला की मान खाली घालत नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते महाडच्या एसटी स्टँडवर, मिरजेला निघाली त्या सकाळी. साताऱ्याची गाडी लागली होती, पुढे बदलायची होती. ती खिडकीशी बसली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. संतोष तिच्या शेजारी. मी खाली उभी होते. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला तसा संतोष एकदम उठला, माणसांना ढकलत दारापर्यंत आला आणि खाली उतरला. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा. चेहरा राखेसारखा झालेला. "मला नाय जमनार," तो म्हणाला. मला की स्वतःला, कळलं नाही.

मी खिडकीकडे पाहिलं. तिनं त्याला उतरताना पाहिलं होतं. मला वाटलं, हाक मारेल, रागावेल, उतरेल तरी. तिनं कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली, शेजारच्या रिकाम्या जागेवर गाठोडं ठेवलं आणि समोर बघत बसली.

घंटी वाजली. गाडी हलली, फाटकाकडे वळली. संतोष उभाच होता. मग तो धावला. चालत्या गाडीच्या दाराचा दांडा त्यानं पकडला, एक पाय घसरला, आतून कुणीतरी हात दिला आणि तो वर गेला. मागच्या काचेतून मला त्याची पाठ दिसली, गर्दीतून पुढे सरकणारी.

फाटकाशी गाडी वळली तशी मावशीची खिडकी दिसली; तिनं शेजारच्या जागेवरचं गाठोडं उचलून पुन्हा मांडीवर घेतलं.